अमूर्त चित्रं, भडक रंग आणि मनाच्या अवस्था: रंग कोणते, थर किती, फसतं कुठे?

अबोली_३६

मनाच्या आजारांवरची अमूर्त चित्रं म्हटली की एक ठरीव कोष्टक पुढे येतं: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे उदासी, काळा म्हणजे नैराश्य आणि एका कोपऱ्यात आशेचा पिवळा. प्रदर्शनांत हे इतकं झालंय की चित्र न बघताच त्याचा अर्थ सांगता येतो. हे कोष्टक टाळायचं, पण रंग मात्र झगझगीतच ठेवायचे. चिंता, नैराश्य, उन्माद आणि डोक्यात तेच तेच घोळत राहणं अशा चार अवस्थांवर चार चित्रं करायची तर तांत्रिक बाजू कशी सांभाळावी, यासाठी हा धागा.

आखणी: ३६ × ३६ इंच, सुती कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक.

१) भडक रंग एकावर एक चढवले की तिसऱ्या-चौथ्या थराला मळतात. का?
२) फ्लुरोसंट गुलाबी, नारिंगी वापरावेत का?
३) रंगाला अर्थ चिकटवायचा नाही, तर अवस्था चित्रात येते कशातून?
४) एका चित्राला रंग किती लागेल?

तत्त्वज्ञान चालेल, पण सोबत प्रमाण द्या.

कुंचलेवाला

प्रश्न १. मळण्याची कारणं तीन आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे.

पहिलं कारण ट्यूबमध्येच असतं. ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा कोड छापलेला असतो. तिथे एकच कोड असेल ती ट्यूब घ्या. नावापुढे 'ह्यू' लिहिलेल्या स्वस्त ट्यूबमध्ये बरेचदा दोन-तीन द्रव्यं असतात. अशा दोन ट्यूब कालवल्या की पाच-सहा द्रव्यं एकत्र येतात, प्रत्येक द्रव्य उजेडातला आपापला वाटा गिळतं आणि हाती चिखल उरतो. मालिकेला सात ट्यूब पुरतात: हन्सा पिवळा पीवाय ७४, पायरोल लाल पीआर २५४, क्विनाक्रिडोन मॅजेंटा पीआर १२२, थॅलो निळा पीबी १५:३, अल्ट्रामरीन पीबी २९, थॅलो हिरवा पीजी ७ आणि टायटॅनियम पांढरा पीडब्ल्यू ६. जांभळा हवा तर मॅजेंटा आणि अल्ट्रामरीन मिसळा. तयार डायऑक्साझीन जांभळा (पीव्ही २३) ट्यूबमधून देखणा निघतो, पण पांढरा घालून फिका केला की उजेडात तितका टिकत नाही. अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) तर घेऊच नका, तो उडतो.

दुसरं कारण घाई. लालाशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी जांभळा ओल्यावर ओला गेला की कड राखाडी होणारच. खालचा थर बोटाला कोरडा लागला म्हणजे काम झालं असं नाही. पातळ थर अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण आत ओल असते आणि ताठ ब्रशने तो उचकटतो.

तिसरं कारण थॅलो. हा रंग फार जोरकस. चाळीस भाग पिवळ्यात एक भाग थॅलो इथून सुरुवात करा, आणि नेहमी पिवळ्यात थॅलो घाला, थॅलोत पिवळा नाही. त्याला ब्रशही वेगळा ठेवा. केसांच्या मुळाशी राहिलेला थॅलो पुढचे सगळे रंग नासवतो.

आता झगमगीचं. भडकपणा कालवून येत नाही, चढवून येतो. पांढऱ्या गुळगुळीत जमिनीवर (म्हणजे सगळ्यात खालच्या थरावर) पारदर्शक मॅजेंटाचा पातळ थर द्या (रंग १ भाग, ग्लॉस मीडियम, म्हणजे रंग पातळ करायचा चकचकीत द्रव, ८ ते १० भाग), उजेड खालच्या पांढऱ्यावर आपटून रंगातून परत येतो. तोच मॅजेंटा पांढऱ्यात कालवून लावला तर खडूसारखा कोरडा दिसतो. पातळ करायला मीडियमच वापरा. पाणी साधारण एक चतुर्थांशाच्या वर गेलं की बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट भाग) विरळ होतो, थर भुकटीसारखा होतो आणि पुढचा ब्रश फिरला की उचलला जातो.

गडद निळ्यावर पिवळा हवा असेल तर त्या जागी आधी टायटॅनियम पांढरा, तो वाळल्यावर पिवळा. थेट घातलात तर शेवाळ.

रंगद्रव्य_अण्णा

प्रश्न २. फ्लुरोसंट रंगात टिकाऊ रंगद्रव्य नसतं, राळेच्या बारीक कणांत बसवलेला डाय (विरघळणारा रंग) असतो. तो उजेडात मरतो, आणि पहिल्यांदा नेमकी चमकच जाते. ज्या चित्राचा सगळा जीव त्या चमकेत आहे, त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नकोच.

वापरायचाच तर खाली त्याच छटेचा टिकाऊ थर द्या. गुलाबीखाली पीआर १२२ आणि पांढरा, नारिंगीखाली पायरोल ऑरेंज (पीओ ७३). वर फ्लुरोसंटचे दोन पातळ हात. वरचा उडाला तरी रचना शाबूत राहते. अतिनील किरण रोखणारं व्हार्निश लावलं की उडणं मंदावतं, पण चमकही थोडी दबते, कारण ती चमक काही अंशी त्याच किरणांवर पोसलेली असते.

घरच्या घरी चाचणी: प्रत्येक रंगाची पट्टी जाड कागदावर काढा, अर्धी पट्टी अ‍ॅल्युमिनियम फॉइलने झाका, दक्षिणेच्या खिडकीत तीन महिने ठेवा. फॉइल काढल्यावर दोन अर्ध्यांत फरक दिसला तर ती ट्यूब वहीत वापरा, कॅनव्हासवर नको.

रंग उडाला की अर्थ कसा उडतो याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथको. हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली त्यांची पाच भव्य चित्रं १९६४ साली होलिओक सेंटरच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनगृहात लागली. मोठमोठ्या खिडक्या, भरपूर ऊन. किरमिजीसाठी त्यांनी लिथॉल रेड वापरला होता, जो उन्हात टिकत नाही. काही वर्षांतच चित्रं फिकटली, काही भाग निळसर झाले, आणि १९७९ मध्ये ती उतरवून कोठारात गेली. २०१४ साली ती पुन्हा दाखवली ती वेगळ्याच युक्तीने: मूळ रंग आणि आताचा रंग यांतला फरक मोजून तेवढाच रंगीत उजेड प्रोजेक्टरने चित्रावर टाकला. ब्रश लावला नाही. प्रोजेक्टर बंद केला की खरी, उडालेली चित्रं दिसायची. व्हॅन गॉगच्या आर्ल इथल्या खोलीच्या भिंतीही मुळात फिक्या जांभळ्या होत्या. त्यातला लाल लेक (डायपासून केलेलं रंगद्रव्य) उडाला आणि आपण त्या निळ्या समजून बसलो. त्या निळ्यावर किती मानसशास्त्र लिहिलं गेलं असेल!

पडद्याआड

प्रश्न ३ ला जपानी चित्रकार यायोई कुसामाच्या कामातून उत्तर मिळतं असं वाटतं.

जन्म १९२९, मात्सुमोतो. लहानपणापासून होणाऱ्या भासांबद्दल त्या स्वतः उघडपणे बोलत आल्या आहेत. १९७७ पासून त्या स्वेच्छेने टोकियोतल्या मनोरुग्णालयात राहतात आणि जवळच्या स्टुडिओत काम करतात. १९५९ मध्ये न्यूयॉर्कला दाखवलेल्या त्यांच्या जाळ्यांच्या चित्रांत ठिपके रंगवलेले नाहीत. रंगवलेली आहे ती जाळी, मनगटाच्या छोट्या छोट्या अर्धगोल फेऱ्यांनी. ठिपका म्हणजे खालच्या थराचा उरलेला तुकडा. हे ध्यानात आलं की चित्राचा विषय ठिपका राहत नाही. थांबता न येणारी हाताची हालचाल हाच विषय होतो. २००९ नंतरच्या मालिकेत रंग अक्षरशः किंचाळतात, पण पद्धत तीच: कॅनव्हास आडवा, सगळ्या बाजूंनी काम, वर-खाली ठरलेलं नाही.

तुमच्या 'तेच तेच घोळणं' या चित्राला यातून करण्याजोगं: जमीन एका भडक रंगाची, समजा पायरोल लाल. वर एकाच ब्रशने (गोल, ६ नंबर) एकच फेरी, साधारण दीड सेंटिमीटरची, सबंध ३६ इंचांवर. छटा बदलू नका, रंगाचं प्रमाण बदलू द्या. ब्रशमधला रंग संपत येतो तशी फेरी झिरझिरीत होते, पुन्हा बुडवला की दाट. ही आपोआपची लय आधी ठरवून आणता येत नाही. फसतं कुठे? कंटाळा येतो, मग फेऱ्या मोठ्या होतात, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तर हमखास. कॅनव्हास दर तासाला नव्वद अंशांत फिरवा, म्हणजे थकवा एका बाजूला साचत नाही.

मनोविहार

मानसोपचाराच्या बाजूने दोन गोष्टी.

नैराश्य आणि रंग यांबद्दल 'त्यांना सगळं निळं दिसतं' छापाचं बरंच लिहिलं जातं. त्यापेक्षा कामाची गोष्ट अशी: जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात २०१० साली नैराश्याचे ४० रुग्ण आणि ४० निरोगी व्यक्ती यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विद्युत प्रतिसाद मोजला. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या कॉन्ट्रास्टला (उजळ-गडदातल्या फरकाला) रुग्णांच्या पडद्याचा प्रतिसाद कमी निघाला. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण चित्रकाराला त्यातून एक हत्यार मिळतं. नैराश्यासाठी रंग काढायचे नाहीत, कॉन्ट्रास्ट काढायचा. पाच-सहा भडक रंग असे निवडा की उजळपणाची पातळी जवळजवळ एक असेल. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा: रंगीत डोळ्यांना गजबज, फोटोत सपाट राखाडी. एखादा पट्टा फोटोत उठून दिसला तर त्यात थोडा पांढरा किंवा रंगचक्रात समोर येणारा गडद रंग घालून पातळीवर आणा. रंग आहेत पण पोचत नाहीत, असं काहीसं दिसतं ते.

दुसरी गोष्ट नावांची. अर्धं काळं, अर्धं पिवळं चित्र आणि नाव 'स्किझोफ्रेनिया', हे कृपा करून थांबवा. स्किझोफ्रेनिया म्हणजे दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत. तो समज जुना आणि चुकीचा आहे, आणि रुग्णाच्या घरच्यांना प्रदर्शनात तो पुन्हा बघावा लागतो. निदानाचं नाव देण्यापेक्षा अनुभवाचं नाव द्या: 'पहाटे चार', 'फोन वाजतोय'.

तूलिकाधर

मनोविहार, कॉन्ट्रास्टचा मुद्दा छान, पण जपून. आज 'लाल म्हणजे राग' टाकून दिलं, उद्या 'कमी कॉन्ट्रास्ट म्हणजे नैराश्य' भिंतीवर टांगलं जाईल. कोष्टक ते कोष्टकच.

रॉथकोचंच बघा. शेवटची काळी-राखाडी चित्रं आणि १९७० ची आत्महत्या यांची सांगड घालून सगळे मोकळे होतात. त्याच वर्षांत त्यांनी कागदावर अ‍ॅक्रिलिकची ढीगभर चित्रं केली आणि त्यांत चांगले उजळ रंग आहेत. १९६८ च्या महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) दुखण्यानंतर डॉक्टरांनी मोठ्या कॅनव्हासचं काम थांबवायला सांगितलं होतं, म्हणून आकार लहान आणि माध्यम कागद. रंगामागे आजार शोधणाऱ्यांनी आधी आकारामागचा आजार बघावा. अमूर्त चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिनचंही तसंच: बाईंना स्किझोफ्रेनिया होता, चित्रं मात्र फिक्या पट्ट्यांची, शांत. सहा फुटी चौरस कॅनव्हास म्हातारपणी पाच फुटी झाले, कारण उचलता आले पाहिजेत.

अवांतर: आपल्याकडे कुणीतरी चित्रकार वासुदेव गायतोंड्यांना या यादीत ओढण्याआधी सांगून ठेवतो, त्यांची शांतता हा आजार नव्हता. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवणं-खरवडणं शिकायला मात्र त्यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

मनोविहार

तूलिकाधर, सहमत. म्हणूनच 'हत्यार' म्हटलं, 'अर्थ' नाही. अवस्थेची जी घडण असते (सुटका नसणं, आवाज वाढत जाणं, सगळं एका पातळीवर येणं) ती रंगांच्या वागण्यात उतरते का, एवढंच बघायचं. बघणाऱ्याला शरीराने काही जाणवलं तर उतरली. त्याला फलक वाचून कळलं तर नाही.

कुंचलेवाला

याच धर्तीवर 'चिंता'. पूरक (रंगचक्रात समोरासमोरचे) रंग, उजळपणा सारखा, पट्टे अरुंद, कड धारदार. पायरोल लाल आणि त्याच पातळीला आणलेला थॅलो हिरवा शेजारी आले की कड थरथरते. डोळ्याला सीमा नक्की करता येत नाही. शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने गोबेलँच्या विणकामशाळेतल्या धाग्यांवरून शेजारच्या रंगांचा हा परिणाम १८३९ मध्येच मांडला होता. पट्टे ८ ते १२ मिलिमीटर. मास्किंग टेप लावल्यावर टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा (किंवा स्वच्छ मॅट मीडियमचा) एक हात फिरवा, तो टेपखालच्या फटी बुजवतो. मग वरचा रंग. टेप रंग ओलसर असतानाच, कॅनव्हासला चिकटवल्यासारखी मागे दुमडून ओढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कड फाटते.

सगळा कॅनव्हास थरथरता ठेवू नका, डोळा दोन मिनिटांत बधिर होतो. तीन चतुर्थांश थरथर आणि एक चतुर्थांश सपाट राखाडी ठेवा. त्या राखाडीवर डोळा टेकायला जातो आणि तिथेही त्याला शेजारच्या रंगाची उलटी झाक दिसते. विश्रांतीची जागासुद्धा शांत नाही. चिंतेचं याहून नेमकं चित्रण मला तरी माहीत नाही.

मनोविहार

एक व्यवहारी सूचना: दाट, तीव्र पट्ट्यांनी काहींना अर्धशिशी उठते, आणि असे नमुने बघून फिट येणारा अपस्मार असलेल्यांना त्रास होऊ शकतो. दाराशी दोन ओळींची सूचना लावा. तिथेच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा, मराठीतही बोलता येतं.

जेसोची_गोणी

प्रश्न ४, आणि जो प्रश्न कुणीच विचारत नाही तो: जमीन.

३६ × ३६ इंच म्हणजे ०.८४ चौरस मीटर. ओला थर ०.१ मिलिमीटर धरला तर एका हाताला सुमारे ८४ मिलिलिटर. म्हणजे १२० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये जेमतेम दीड हात. पाच पूर्ण थरांचं चित्र असेल तर रंग आणि मीडियम मिळून ४०० मिलिलिटरच्या पुढे. चार चित्रांना याच्या चौपट. म्हणून जमिनीच्या रंगाचे मोठे डबे घ्या आणि ट्यूब वरच्या कामाला ठेवा. निम्म्यावर रंग संपला की दुसऱ्या कंपनीचा 'तोच' लाल आणतात आणि चित्रात नको तिथे जोड दिसतो.

सुती कॅनव्हास कोरा असेल तर जेसोच्या (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराच्या) आधी ग्लॉस मीडियमचे दोन हात द्या. नाहीतर वर जाड पारदर्शक जेल किंवा मीडियमचे थर चढतात तेव्हा त्यातलं पाणी कापडातला पिवळट-तपकिरी मळ ओढून वर आणतं. पांढऱ्यावर आणि फिक्या गुलाबीवर तो लगेच दिसतो, आणि एकदा आला की जात नाही. मग जेसोचे तीन पातळ हात, प्रत्येक आधीच्याला आडवा, मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर. झिलईचा (पातळ पारदर्शक) थर नीट चमकायला हवा असेल तर चौथा हात.

चौकटीला मध्ये आडवी-उभी पट्टी हवीच. ३६ इंचांना ती नसली तर कॅनव्हास ताणताना कडा आत ओढल्या जातात आणि तुमचे ८ मिलिमीटरचे पट्टे मधोमध फुगतात.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात एका थरानंतर किमान रात्रभर थांबा, पंखा चित्रावर न मारता खोलीत फिरवा. चित्र बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं हवा खेळू द्या. दमट हवा हे नुसतं बुरशीचं दुखणं नाही. नॉर्वेचे चित्रकार मुंक यांच्या १९१० च्या सुमारच्या 'किंकाळी'तला कॅडमियम पिवळा पांढुरका पडून सोलतो आहे, आणि २०२० च्या तपासणीत त्याचं मुख्य कारण उजेड नव्हे तर ओलावा निघालं. त्यांचा पिवळा अशुद्ध होता हे खरं, पण ओलाव्याची ताकद कळते.

भुईकमळ

वाचतेय, फार उपयोगी. हेच तेलरंगात केलं तर?

कुंचलेवाला

भुईकमळ, होईल, पण थरांची घाई विसरा. खाली तेल कमी, वर तेल जास्त, हा क्रम मोडला की वरचा थर आधी आवळतो आणि तडकतो. टेपचे पट्टे तर अ‍ॅक्रिलिकमध्येच करा. खाली अ‍ॅक्रिलिक, वर तेल चालतं, उलट नाही. बंद खोलीत टर्पेंटाइन नको. आणि झिंक पांढरा (पीडब्ल्यू ४) तेलात कालांतराने ठिसूळ होतो, टायटॅनियम घ्या.

अबोली_३६

सगळ्यांचे आभार, जमीन आणि ट्यूबांची यादी पक्की. आता 'उन्माद' उरला. तिथे सगळे रंग एकदम ओरडायला हवेत, पण चित्र रंगपंचमीचं होऊ नये. आणि शेवटी व्हार्निश चकचकीत की मॅट?

तूलिकाधर

उन्मादात गंमत अशी की सुरुवातीला सगळं अतिशय सुंदर असतं. म्हणून गोंधळ काढू नका, नेमकेपणा काढा. मोजके तीन रंग, पूर्ण ताकदीचे: मॅजेंटा, हन्सा पिवळा, थॅलोचा पिरोजा. प्रत्येकाची जागा आधी रंगीत कागद कापून ठरवा. चित्रकार आणि शिक्षक जोसेफ अल्बर्स विद्यार्थ्यांना कागदावरच शिकवायचे ते उगीच नाही, कागद मळत नाही आणि हलवता येतो. मग प्रत्येक रंगाचा आकार शेजारच्याच्या हद्दीत थोडा शिरू द्या, पारदर्शक थराने, म्हणजे जिथे दोन रंग एकमेकांवर येतात तिथे तिसरा तयार होतो. मग चौथा. पसारा आपोआप वाढतो, तुम्ही फक्त तीन रंग वापरलेत. काळा आणि पांढरा वरच्या थरांत अजिबात नको. रंगपंचमी होते ती सात-आठ रंग सारख्या आकाराच्या फटकाऱ्यांनी मारल्यामुळे.

जेसोची_गोणी

व्हार्निश. चित्र पूर्ण झाल्यावर दोन आठवडे थांबा, जाड पोत असेल तर महिना. आधी एक विलग थर: सॉफ्ट जेल ग्लॉस २ भाग, पाणी १ भाग, रुंद मऊ ब्रशने, फेस न होऊ देता. त्यावर काढता येणारं व्हार्निश. मधला थर नसेल तर पुढे व्हार्निश काढताना सोबत रंग येतो. व्हार्निश अजिबात नसलं तर काय होतं ते रॉथकोच्याच 'ब्लॅक ऑन मरून'वर दिसलं: २०१२ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयात कुणीतरी त्यावर शाईने लिहिलं, शाई थरांत मुरली आणि दुरुस्तीला दीड वर्ष लागलं.

चिंता आणि उन्माद चकचकीत करा, रंग खोल होतात. नैराश्याला मॅट, कारण मॅटमध्ये गडद छटा थोड्या दुधाळ होतात आणि इथे तेच हवंय. फक्त मॅटचा पहिला हात ग्लॉसचा द्या आणि वर एकच हात मॅट. दोन-तीन मॅट हात दिले की पांढरट धुकं बसतं.

रंगद्रव्य_अण्णा

दिवे राहिले. हॉलवाल्याला विचारा: रंगदर्शकता (सीआरआय, दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचे एलईडी, ४००० केल्व्हिनच्या आसपास. पिवळट दिव्यात थॅलो निळा मरतो आणि लाल-हिरव्याची साधलेली पातळी बिघडते, म्हणजे थरथर गेली. शक्य असेल तर पातळी जुळवण्याचं काम त्याच प्रकारच्या दिव्याखाली करा.

आणि नेताना बबल रॅप थेट चित्रावर नको. अ‍ॅक्रिलिक उन्हाळ्यात मऊ असतं, गाडीत तापलं की बुडबुड्यांच्या चकत्या उमटतात. आधी सिलिकॉन रिलीज पेपर, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, तोही बुडबुडे बाहेर करून. दोन चित्रं तोंडाला तोंड लावून कधीही ठेवू नका, चकचकीत व्हार्निशची तर नाहीच. चारही कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे त्रिकोण लावा आणि उभी न्या.